बाथरूममध्ये रोज तोच कसा पडतो?

(हे पत्र लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि सेंटर मुद्दाम गाळलं आहे. एरवी उत्तर रविवारी देतो. हे आधी देतोय, कारण त्याची रजा संपत आलीय.)

पत्र : सुभेदारकाका, नमस्कार. मी कागल तालुक्यातला. अग्निवीर म्हणून भरती झालो, ट्रेनिंग चालू आहे. आजी वारली म्हणून दहा दिवसांची रजा मिळाली, ती पुढच्या आठवड्यात संपते. आमच्या स्क्वॉडमध्ये एक मुलगा आहे, त्याला सगळे 'ढिला' म्हणतात. ड्रिलमध्ये हुकमावर उशिरा वळतो, पळताना मागं राहतो आणि त्याच्यापायी आख्ख्या स्क्वॉडला रगडा बसतो. एक दिवस भर उन्हात फ्रंट रोल मारून पोरांना ओकाऱ्या झाल्या. जाताना उस्ताद म्हणाले, "इसको तुम लोग ही समझाओ." त्या रात्री पोरांनी त्याच्या अंगावर कांबळ टाकलं. मलाही उठवलं. नाही म्हटलं असतं तर पुढचा नंबर माझाच होता. मी दोन फटके मारले. सकाळी तो म्हणाला, बाथरूममध्ये पाय घसरला. पण तेव्हापासून त्याला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही असं मला वाटतंय. ड्रिलला तो माझ्या उजव्या हाताला असतो, मी हळू काही बोललो तर त्याला कळतच नाही. दिवसांना आलेले पाहुणे आजीचं दोन मिनिटं बोलतात आणि मग माझंच कौतुक करतात. चौकात माझा फोटो लावलाय. मला झोप लागत नाही. वडील म्हणतात, "मिल्ट्रीत हे चालायचंच, मन घट्ट कर." सांगितलं तर चुगलखोर म्हणतील आणि चार वर्षांनी जे पंचवीस टक्के कायम ठेवतात त्यांत नाव लागायचं नाही. काय करू?

उत्तर :

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. दुसऱ्यांदा माझा स्वतःचाच आला. त्याचं कारण पुढं सांगतो, आधी कानाचं बोलू.

कानशिलात जोरात बसली की पडदा फाटू शकतो. भोक लहान असलं तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं, पण तोवर कानात पाणी जाता कामा नये. आणि डॉक्टरनं आत डोकावल्याशिवाय भोक आहे की आणखी काही, हे कुणालाच कळत नाही. तो पोरगा रोज नळाखाली डोकं धरत असणार. पोहण्याचा पिरियड असेल तर आणखी वाईट. पू झाला, दुखणं आत गेलं, तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. आणि पुढं फायरिंग रेंज आहे. रेंजवर थांबायचा हुकूम झाला आणि एका माणसाला तो ऐकूच आला नाही, तर काय होईल याचा विचार कर. तुझ्या मनाला शांती मिळायची तेव्हा मिळेल, कान थांबणार नाही.

तूच लिहिलेलं पुन्हा बघ. हुकमावर उशिरा वळतो म्हणून तुम्ही त्याला मारलं. आता त्याला हुकूमच अर्धा ऐकू येतो, म्हणजे तो आणखी उशिरा वळणार, म्हणजे पुन्हा रगडा, म्हणजे पुन्हा कांबळ. तुमच्या स्क्वॉडनं आपल्या हातानं हे रहाटगाडगं सुरू करून ठेवलंय.

आता रगड्याबद्दल. मी रगड्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटायचं की सुभेदार म्हातारपणी मऊ पडला. रोज पहाटे मी शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्याला फिरायला जातो. भरतीची पोरं पळत असतात, अकॅडमीचे टी-शर्ट घालून, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत बसवायचे म्हणून छाती फुटेस्तोवर. त्यातला प्रत्येक जण एकटा पळतो. घड्याळ त्याचं, मार्क त्याचे. शेजारचा पडला तर तो उडी मारून पुढं जातो आणि तिथं तेच बरोबर असतं. सेंटरला गेल्यावर इन्फंट्रीच्या अग्निवीराला ३१ आठवडे मिळतात. तेवढ्यात या एकट्या पळणाऱ्या पोरांचं स्क्वॉड करायचं असतं. एकाच्या चुकीला सगळ्यांना शिक्षा द्यायची पद्धत त्यासाठीच आली. पुढं पळणाऱ्यानं मागं वळून बघावं म्हणून. बीपीईटीची, म्हणजे लढाईसाठीच्या अंगक्षमतेच्या चाचणीची प्रॅक्टिस असते, पाठीवर वजन, हातात रायफल, पाच किलोमीटर. त्यात दोन तगडी पोरं ढिल्याच्या दोन्ही बाजूंना पळतात, एक त्याच्या कोपराला धरतो, दुसरा शिव्या देत पाऊल मोजतो. ते बघितलं की उस्तादाला कळतं, रगडा लागू पडला.

पण तीच शिक्षा उलटीही फिरते. पोरं वळून बघतात, पण हात द्यायला नाही, दात ओठ खाऊन. कुठल्या बाजूला फिरणार हे बरंचसं उस्तादावर असतं. तुमच्या उस्तादानं पाच शब्दांत ते ठरवून टाकलं.

हे मला कसं माहीत? कारण ते शब्द मीही बोललोय.

१९९३ साल. मी हवालदार होतो, ड्रिल उस्ताद. सेंटरचं नाव घेत नाही. माझ्या स्क्वॉडला विदर्भातला एक पोरगा होता, सडपातळ, गप्प. त्याचा एक हात एक पाय व्हायचा. म्हणजे उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढं. बघणाऱ्याला हसू येतं, पण कंपनी कमांडर बघत असला की उस्तादाला घाम फुटतो. मी तीन आठवडे त्याच्यावर घसा फोडला. मग एका संध्याकाळी, परेड ग्राउंडवरून जाता जाता, स्क्वॉडकडं न बघताच म्हणालो, "रात को समझा देना इसको." दुसऱ्या दिवशी त्याचा ओठ सुजलेला. "बाथरूम में गिर गया, उस्ताद." बाथरूमची फरशी सत्तर पोरांना एकच होती, घसरायचा मात्र तोच. दोन आठवड्यांत तीनदा घसरला. मी रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही.

एका पहाटेच्या गिनतीत तो नव्हता. भगोडा म्हणून कागद निघाले. त्याची काळी पेटी उघडून सामानाची यादी करायचं काम माझ्याकडंच आलं. बनियन दोन, साबण, घरचं एक पत्र, आणि शंभर पानी वही. वहीत पानंच्या पानं पावलांची चित्रं होती. डावा पाय, त्याच्यावर उजव्या हाताचा बाण. उजवा पाय, डाव्या हाताचा बाण. आम्ही झोपल्यावर टॉर्चच्या उजेडात बसून काढलेली. शेवटच्या पानांवर बाण बरोबर होते.

यादीत मी लिहिलं, 'वही, एक'. मला कुणी काही विचारलं नाही. पुढं प्रमोशनं वेळेवर झाली, सुभेदार होऊन घरी आलो. म्हणून सांगतो, "मन घट्ट कर" म्हणणाऱ्या तुझ्या वडिलांना मी नावं ठेवणार नाही. मन घट्ट होतं, हा माझा अनुभव आहे. तू झोप येत नाही म्हणतोस ना? मला येत होती. मला तुझं बरं वाटतंय ते त्यामुळंच.

वडिलांना एक गोष्ट मात्र सांग. "मिल्ट्रीत हे चालायचंच" हे मिल्ट्रीच्या कायद्यात कुठंही नाही. आर्मी ॲक्ट १९५० चा. त्यातलं ४१ वं कलम हुकूम न मानल्याबद्दल आहे आणि तिथं शब्द आहे 'कायदेशीर हुकूम'. त्या एका शब्दावर सगळी फौज उभी आहे. वरच्यानं खालच्यावर हात टाकला, छळ केला, तर ४७ वं कलम आहे, सात वर्षांपर्यंत कैद. तुम्ही बरोबरीच्या पोरांनी जे केलं ते ६३ व्या कलमात बसतं, शिस्तीला बाधा आणणारं कृत्य, त्यालाही सात वर्षांपर्यंत. घाबरवायला सांगत नाही. अशा गोष्टी बऱ्याचदा कमांडिंग ऑफिसरपुढच्या पेशीत निपटतात आणि तिथं ८० व्या कलमाखाली जास्तीत जास्त २८ दिवसांची कोठडी किंवा त्याहून हलकं काहीतरी असतं. कायद्याच्या लेखी रात्रीच्या कांबळाचं नाव शिस्त नाही, गुन्हा आहे, एवढंच वडिलांच्या कानावर जाऊ दे.

आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हे तालमीवरून पटकन कळावं. वस्ताद आणि उस्ताद, शब्द एकच, एक लाल मातीत राहिला, दुसरा परेड ग्राउंडवर गेला. गंगावेस असो, मोतीबाग असो, वस्तादाच्या हातातली काठी सगळ्यांनी बघितलेली असते. पोरगा मेहनतीला कमी पडला तर वस्ताद सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी, स्वतःच्या हातानं त्याच्या पाठीवर ओढतो. उद्या पोराचा बाप जाब विचारायला आला तर वस्ताद तिथंच बसलेला असतो. तालमीत सगळं गोडीगुलाबीचं असतं असं नाही, थोरल्या पैलवानांनी धाकट्यांना पिळलेलं मीही बघितलंय. पण तेही अंधारातच चालतं आणि वस्तादापासून लपवून. आणि ईर्षा म्हणशील तर आपल्यात ती उपजतच. ती समोरच्या तालमीशी करायची, शेजारच्या खाटेवरच्या पोराशी कसली ईर्षा?

या ईर्षेला तुमच्या वेळी एक नवीन काटा लागलाय, तो आमच्या वेळी नव्हता. पंचवीस टक्के. २०२२ ला योजना आली तेव्हापासून प्रत्येक बॅरेकमध्ये हा हिशेब चालतो. चार खाटा बघायच्या आणि ठरवायचं, यातला एक राहणार, तीन घरी. ज्याला मारलं त्याच्याबद्दल पोरांच्या मनात कुठंतरी 'चला, एक कमी' आलं नसेल असं मला वाटत नाही. तुझ्याही आलं असेल. आलं असलं तर स्वतःपुरतं कबूल कर. पण हेही लक्षात ठेव की कुणाला ठेवायचं हे तुझे बॅरेकमधले दोस्त ठरवत नाहीत. त्यांच्या नजरेतून उतरलास म्हणून तुझे फायरिंगचे मार्क कमी होत नाहीत.

तरी "तुला काहीसुद्धा होणार नाही" असं मी लिहून देणार नाही. शिक्षा होईल, कदाचित. काही दिवस लंगरात तुझ्या शेजारी कुणी बसणार नाही. हे धरूनच चालायचं.

आता काय करायचं ते.

पोचल्यावर पहिल्यांदा त्या मुलाला गाठ. बॅरेकमध्ये नको, तिथं भिंतींनाही कान असतात. रविवारी कपडे धुवायला सगळे पांगतात, तेव्हा. त्याच्या उजव्या बाजूला उभा राहा. "मी दोन मारले, माझं चुकलं" एवढं बोल आणि थांब. "मला उठवलं होतं रे", "माझ्या मनात नव्हतं", ही शेपूट लावू नकोस. त्यानं माफ करावं म्हणून मागं लागू नकोस. तो शिव्या देईल, गप्प राहील, किंवा "कुछ नहीं हुआ" म्हणेल. मग कानाचं काढ. एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, मी तुझ्याबरोबर येतो म्हण. तो नाही म्हणाला तरी कानाची गोष्ट वर जायलाच हवी. त्याचा जीव आणि दहा जणांची रेंज यात त्याची परवानगी आडवी येत नाही, फक्त आपण सांगणार आहोत हे त्याला आधी सांग. पाठीमागून सांगू नकोस. त्याच्यावर पाठीमागून पुरे झालंय.

मग वर. त्या उस्तादाकडं जाऊ नकोस, शब्द त्याचेच होते. प्लॅटूनचा जेसीओ, तुमचे सुभेदार किंवा नायब सुभेदार साहेब, त्यांच्यापुढं सावधान उभा राहून म्हण, "साहब, कंपनी कमांडर साहब से मिलना है." कारण विचारलं तर सांग. अर्जी करणं हा तुझा हक्क आहे. वरच्याकडून अन्याय झाला असं वाटलं तर कंपनी कमांडरकडं जायची वाट २६ व्या कलमात लिहूनच ठेवलीय. आत गेल्यावर सुरुवात स्वतःपासून कर. "साहब, मैंने मारा है, दो बार." पहिलं वाक्य हेच.

चुगलीची भीती तुला याच जागी वाटते. अरे, चुगली करणारा स्वतःला बाहेर ठेवून दुसऱ्याचं सांगतो आणि त्यातून काहीतरी मिळवतो. तू आत जाऊन पहिलं नाव स्वतःचं घेणार आहेस आणि तुला मिळणार आहे ती पेशी. बाकीच्यांची नावं आपणहून पाजळू नकोस. चौकशीत विचारली तर मात्र खरी सांग, तिथं खोटं बोलणं हा आणखी वेगळा गुन्हा. उस्ताद काय म्हणाले तेही शब्दाला शब्द सांग. तुझ्याकडून मीठमसाला नको, त्या वाक्यात तो आधीच पुरेसा आहे.

निनावी पत्र टाकायचा विचार येत असेल. नको. ते फिरून कंपनीतच चौकशीला येतं, संशय सगळ्यांवर जातो आणि पहिला मार परत त्याच पोराला बसतो, "तूच लिहिलंस" म्हणून. आमदाराच्या पीएला फोन, इन्स्टाग्रामवर व्हिडिओ, यातलं काहीच नको. गावाकडं हे उपाय लगेच सुचवणारे काका-मामा असतात, त्यांना चहा पाज आणि विषय बदल.

आणि पुन्हा एखाद्या रात्री तुला उठवलं तर? खरं सांगू, नाही म्हणायला तिथं फार मोठी छाती लागते. एकट्यानं नाही म्हणणं अवघडच. म्हणून एकटा राहू नकोस. त्या रात्री जे आठ-दहा होते त्यांत झोप न लागलेला आणखी एक तरी असणारच. त्याला दिवसाच हेरून ठेव. कोण हात हळू चालवत होता, कोण दुसऱ्या दिवशी ढिल्याच्या नजरेला नजर देत नव्हता, तो तो. दोघांनी आधीच ठरवा. उठवलं की भाषण द्यायचं नाही. एकानं उठून लाइट लावायची, दुसऱ्यानं त्या पोराच्या खाटेवर जाऊन बसायचं. बस्स. उजेडात, एकमेकांची तोंडं दिसत असताना, कांबळ टाकायला फार थोड्यांचे हात पुढं होतात.

ड्रिलचंही एक बघ. दुपारच्या विश्रांतीत त्याला घेऊन बॅरेकच्या मागं वीस मिनिटं काढ. वळायला उशीर होतो म्हणतोस ना, त्याला पावलं मोजायला शिकव, आवाजाची वाट न बघता. माझ्या त्या पोराला त्याची वही करावी लागली, कारण स्क्वॉडमधल्या एकालाही ही वीस मिनिटं सुचली नाहीत. उस्तादालाही नाही.

एका बाबतीत मात्र रविवारचीही वाट बघायची नाही. तो पोरगा जगण्यात काही राम नाही, सगळं संपवतो, असलं काही बोलला, सामान वाटायला लागला, ड्यूटीला हत्यार हातात असताना वेगळाच वाटला, तर त्या मिनिटाला जो कुणी वरचा दिसेल त्याला सांग, तो उस्ताद असला तरी. त्याला एकटं सोडू नकोस. आणि तुझ्यासाठीही सांगतो, झोप लागत नाही हे दुखणंच आहे. टेलि-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात. सैन्यातल्यांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याला एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, २०२३ ला सुरू झाला. घरी आहेस, मोबाइल हातात आहे, तोवर एकदा फोन कर. रंकाळ्यावर जाऊन कर हवं तर, घरात पाहुणे असतील.

रजा वाढवायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक. एक दिवस उशिरा पोचलास तर ३९ वं कलम लागतं, आणि मग तुझ्या खऱ्या बोलण्यालाही 'उशिरा आला म्हणून बनवतोय' असा वास येतो. तिकीट काढलं नसशील तर आज काढ. एक दिवस आधीच पोचशील असं काढ.

आई डबा देईलच, सुतक फिटलेलं असेल तर लाडूही देईल. पेटी उघडल्यावर अर्ध्या तासात त्यातलं काय उरतं ते मला माहीत आहे. भडंगाची एक पुडी वेगळी बांधून घे, त्याच्यासाठी.

पोचल्यावर मला कळव. नाव नको, गाव नको. "कान दाखवला" एवढंच लिही.

— तुझा सुभेदारकाका